गुड फ्रायडेला शुभेच्छा द्याव्यात का? आणि आणखी काही प्रश्न

फेब्रुवारी लागला की ख्रिस्ती सणांविषयीची पत्रे वाढतात. नाताळाबद्दल फारसे कोणी विचारत नाही, कारण तो आपल्याला कळतो अशी सगळ्यांची खात्री असते. राखेच्या बुधवारापासून पेंटेकॉस्टपर्यंतच्या (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतच्या) तीन-सव्वातीन महिन्यांबद्दल मात्र बराच गोंधळ दिसतो. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली काही पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न: आमच्या कंपनीच्या ग्रुपवर मी 'हॅपी गुड फ्रायडे' लिहून फुलांचे चित्र टाकले. बाकीच्यांनी लाइक दिले, पण आमच्यातल्या एकुलत्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याने काहीच उत्तर दिले नाही. तो दुखावला असेल का? त्या दिवशी म्हणायचे तरी काय? (माजिवडा, ठाणे)

दुखावला नसेल. असे संदेश त्याला दरवर्षी येत असतील आणि त्यांची त्याला सवय झाली असेल. पण हा दिवस शुभेच्छांचा नाही. येशूला क्रुसावर खिळले, दुपारी तीनच्या सुमारास त्याने प्राण सोडला आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्याला कबरीत ठेवले, त्याची ही आठवण आहे. ज्या घरात मयत झाले आहे तिथे आपण जसे वागू, तसेच इथे वागायचे.

चर्चमध्ये गेलात तर हे न सांगता कळेल. वेदीवरचे वस्त्र काढलेले असते. मेणबत्त्या नाहीत, फुले नाहीत, दाराजवळच्या कुंडात पवित्र पाणीही नाही. वर्षात याच दिवशी जगभरातल्या एकाही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची मुख्य उपासना, होत नाही. भाविकांना जो ख्रिस्तप्रसाद मिळतो तो आदल्या रात्रीच्या मिस्सात अर्पण करून ठेवलेला असतो. गुरुवारी रात्री थांबलेल्या घंटा शनिवारी रात्रीपर्यंत वाजत नाहीत. त्यांच्या जागी काही ठिकाणी लाकडी खटखटा वाजवतात. (घंटांवरून आठवले: नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली आणि भीमाशंकरची मोठी घंटा वसईच्या 1739 च्या मोहिमेनंतर तिकडे गेल्याचे सांगतात. त्या मूळच्या चर्चच्या. म्हणजे इथल्या काही घंटा गुड फ्रायडेलाही वाजतात, पण वेगळ्या देवासाठी.)

सहसा लक्षात येत नाही अशी एक गोष्ट म्हणजे गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार रात्र या तीन वेगवेगळ्या उपासना नाहीत. गुरुवारची मिस्सा समारोपाच्या आशीर्वादाशिवाय थांबते आणि लोक गुपचूप उठून जातात. शुक्रवारची उपासना नमस्काराच्या शब्दांवाचून सुरू होते. फादर येतात आणि वेदीसमोर जमिनीवर साष्टांग पडून राहतात. रीतसर समारोपाचा आशीर्वाद मिळतो तो थेट शनिवारी रात्री, ईस्टरच्या जागरणानंतर. तीन दिवस चाललेली ती एकच उपासना आहे. म्हणून ख्रिस्ती माणसाला फक्त गुड फ्रायडेबद्दल बोला म्हटले की अडखळायला होते. पुढचे सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत शुक्रवार निराळा असतो. बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना आणि क्रुसावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर सात छोटी प्रवचने. बहुतेक ठिकाणी ती वेगवेगळ्या वक्त्यांना वाटून दिलेली असतात. कोणाच्या वाट्याला 'मला तहान लागली आहे' आले आणि कोणाच्या वाट्याला 'पूर्ण झाले आहे', यावर महिनाभर आधी चर्चा होते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे शुक्रवारी काही म्हणू नका. महाराष्ट्रात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, पण तुमची कंपनी देत नसेल तर 'तीनची मीटिंग मी बघतो, तू चर्चला जा' एवढे म्हणा. शुभेच्छा रविवारी, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला म्हणजे ईस्टरला, द्या आणि भरभरून द्या. 'हॅपी ईस्टर' चालते. मराठी ख्रिस्ती लोक एकमेकांना 'प्रभू उठला आहे' म्हणतात आणि समोरचा 'खरोखर उठला आहे' असे उत्तर देतो.

प्रश्न: नाताळ 25 डिसेंबर सोडत नाही. ईस्टर मात्र कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलच्या उत्तरार्धात. हे ठरवते कोण, आणि आपल्या पंचांगाशी त्याचा काही संबंध लागतो का? (निवृत्त शिक्षिका, कळवा)

लागतो. तुम्ही हे घरबसल्या ताडून पाहू शकता. 21 मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा कालनिर्णयात शोधा. तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमाच रविवारी आली तर एक आठवडा पुढे. त्यामुळे ईस्टर 22 मार्चच्या अलीकडे आणि 25 एप्रिलच्या पलीकडे कधीच जात नाही. ती पौर्णिमा कधी फाल्गुनाची असते, कधी चैत्राची. 2024 मध्ये धुळवड 25 मार्चला झाली आणि त्याच आठवड्याच्या शेवटी, 31 मार्चला, ईस्टर आला. 2026 मध्ये हनुमान जयंती गुरुवारी 2 एप्रिलला, म्हणजे नेमक्या पवित्र गुरुवारी. गुड फ्रायडे 3 एप्रिलला आणि ईस्टर 5 एप्रिलला.

शिक्षिका आहात, तेव्हा अपवादही सांगतो. 2025 मध्ये हनुमान जयंती शनिवारी, 12 एप्रिलला होती. वरच्या हिशेबाने ईस्टर 13 एप्रिलला यायला हवा होता. आला 20 ला. कारण चर्च आकाशातला चंद्र पाहत नाही, शतकानुशतके वापरात असलेल्या कोष्टकातली पौर्णिमा धरते. त्या कोष्टकात ती 13 एप्रिलला, रविवारी पडली होती. म्हणून पुढचा रविवार.

सगळ्यांनी एकाच रविवारी ईस्टर साजरा करावा असे इसवी सन 325 च्या निकिया धर्मसभेत ठरले. गणिताचा तपशील नंतर बसत गेला, आणि 1582 मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी दिनदर्शिका सुधारली तेव्हा पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चनी ती सुधारणा ईस्टरपुरती स्वीकारली नाही. त्यामुळे ग्रीस-रशियातला ईस्टर बहुधा वेगळ्या रविवारी असतो. 2025 मध्ये दोन्ही जुळले, 2026 मध्ये तिकडे 12 एप्रिल. केरळचे मलंकरा ऑर्थोडॉक्स मात्र आपल्याकडचीच तारीख पाळतात, म्हणून नवी मुंबईत हा फरक दिसत नाही.

मुळात पौर्णिमाच का? येशूचा मृत्यू ज्यू लोकांच्या वल्हांडण सणाच्या वेळी झाला, आणि तो सण निसान महिन्याच्या मध्यावर, पूर्ण चंद्राच्या रात्री येतो. गेथशेमाने बागेत येशूला पकडायला आलेले लोक दिवे आणि मशाली घेऊन आले होते असे योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, आहे. वर चंद्र पूर्ण असताना.

बाकीचे दिवस ईस्टरला टांगलेले आहेत. राखेचा बुधवार 46 दिवस आधी, प्रभूचे स्वर्गारोहण चाळिसाव्या दिवशी, पेंटेकॉस्ट पन्नासाव्या दिवशी. एक मोठा सण मात्र या चंद्रगणिताला जुमानत नाही: 25 मार्च, येशूच्या आईला, मरियेला, देवदूताने दिलेला निरोप. नाताळाच्या बरोबर नऊ महिने आधी. पण तोसुद्धा पवित्र सप्ताहात सापडला की माघार घेतो. 2027 मध्ये 25 मार्चला पवित्र गुरुवार येतो, त्यामुळे तो सण 5 एप्रिलला, सोमवारी जातो.

प्रश्न: आमच्या मजल्यावर दोन ख्रिस्ती कुटुंबे आहेत. केरळच्या शेजारणीच्या कपाळाला सोमवारीच राख होती, ठाण्याच्या काकू बुधवारी लावून आल्या. पुढे एका गुरुवारी रात्री केरळच्या घरून न फुगलेला अप्पम आणि गुळाचे नारळाचे दूध आले. यांचे पंथ वेगळे आहेत का? आणि ते आम्ही खाल्ले ते योग्य झाले ना? (गृहिणी, नेरूळ)

खाल्ले ते उत्तमच झाले. काकू लॅटिन, म्हणजे रोमच्या पद्धतीच्या कॅथलिक परंपरेतल्या दिसतात. ठाणे, साष्टी, वसईच्या जुन्या ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्याच मूळच्या मराठीभाषक कॅथलिक) घराण्यांत ही परंपरा पोर्तुगीज काळापासून आली. केरळची शेजारीण बहुधा सीरियन परंपरेतली असेल. आपला धर्म प्रेषित थॉमसने इसवी सन 52 मध्ये आणला अशी त्यांची श्रद्धा आहे आणि त्यांच्या उपासनेची मूळ भाषा सुरियानी. त्यातही पोपला मानणारे सीरो-मलबार कॅथलिक आहेत, ऑर्थोडॉक्स आणि याकोबाइट आहेत, मार्थोमा आहेत. नवी मुंबई वसली तशी ही मंडळी इथे मोठ्या संख्येने आली. सीरो-मलबार लोकांसाठी 1988 मध्ये कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत झाला. वाशी किंवा नेरूळला एकाच रविवारी थोड्या अंतरावर दोन कॅथलिक चर्चमध्ये दोन वेगळ्या पद्धतींची मिस्सा चाललेली असते. शेजाऱ्यांना ते भांडण वाटते. भांडण नाही.

राखेचा घोळ मोजणीचा आहे. लॅटिन पद्धतीत राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. सहा रविवार वजा केले की 40 उरतात. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला, तो हा आकडा. सीरियन परंपरेत रविवारही मोजतात आणि पन्नास दिवस धरतात, म्हणून त्यांचा आरंभ दोन दिवस आधी, सोमवारी होतो. 2026 मध्ये तो सोमवार 16 फेब्रुवारीला आणि राखेचा बुधवार 18 ला.

राख येते कुठून, हेही लोक विचारतात. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) घरी नेलेल्या झावळ्या लोक जपून ठेवतात, क्रुसाच्या आकारात दुमडून तसबिरीमागे खोचतात. राखेच्या बुधवारच्या आधी त्या परत मागवून जाळतात. ज्या झावळ्या हलवून येशूचे यरुशलेमात राजासारखे स्वागत केले, त्यांचीच राख कपाळाला लावताना फादर म्हणतात, 'तू माती आहेस आणि मातीत परत जाशील.' मला स्वतःला अख्ख्या उपवासकाळात यापेक्षा नेमके काही वाटत नाही. पण प्रवचनांत ते क्वचितच येते.

तुमच्याकडे आलेला तो पेसहा अप्पम. तांदूळ आणि उडदाचे पीठ, खमीर नाही, वाफवलेला. पवित्र गुरुवारी रात्री तो घरातच करतात. त्यातल्या एका अप्पमवर झावळीचा छोटा क्रूस ठेवलेला असतो. घरातला कर्ता माणूस प्रार्थना करून तो कापतो आणि वयाच्या क्रमाने घरच्यांना देतो. शेजाऱ्यांकडे जातात ते बहुधा साधे. वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला असेल तिथे अप्पम करत नाहीत, मग शेजारचे आणून देतात. पुढच्या वर्षी तुमच्याकडे आला नाही तर वाईट वाटून घेण्याआधी हे आठवा, आणि चौकशी करा. दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, त्यांच्याकडे तांदळाची पेज आणि मूग. चर्चमध्ये कारल्याचा कडू रसही घोटभर देतात, क्रुसावर येशूला आंब, म्हणजे आंबलेला द्राक्षारस, दिली त्याची आठवण म्हणून.

प्रश्न: चाळीस दिवस उपास म्हणता आणि शुक्रवारी सुरमई खाता. हा कसला उपास? (ऐरोली)

रोखठोक विचारलेत. कॅथलिक नियमात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उपास, म्हणजे दिवसात एकदाच पोटभर जेवण, तो फक्त राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला सक्तीचा आहे आणि 18 ते 59 वयाच्या लोकांना लागू आहे. मांसवर्ज्य पाळायचे ते राखेच्या बुधवारी आणि शुक्रवारी, वयाच्या चौदा वर्षांनंतर. मासे 'मांसा'त धरलेले नाहीत. त्यामुळे सुरमई नियमात बसते. आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी एकादशीत बसते, तेवढ्याच आरामात.

नियमात बसते म्हणजे शोभते असे नाही. उत्तनच्या कोळीवाड्यात मासा हे रोजचे अन्न. तिथे तो शुक्रवारी खाल्ला तर त्याग कोणता झाला? जाणती माणसे त्या काळात मासाही सोडतात, कोणी दारू सोडतो, कोणी सिगारेट, हल्ली कोणी मोबाइलवरच्या मालिका. वाचलेले पैसे गरजूला द्यायचे हा त्यातला मूळ भाग आहे, आणि सगळ्यात कमी पाळला जातो तोही तोच. सीरियन ऑर्थोडॉक्स मात्र कडक: मासे, अंडी, दूध सगळे पन्नास दिवस बंद.

प्रश्न: ख्रिस्ती मैत्रिणीचे लग्न ठरले, पण ईस्टरनंतरच करणार म्हणतात. मुहूर्त असतो का? (घणसोली)

मुहूर्त नाही. उपवासकाळात चर्चमध्ये फुले नसतात, आनंदाची गाणी नसतात, मग लग्नात मजा काय? चर्चची पूर्ण बंदी फक्त गुड फ्रायडे आणि त्यानंतरच्या शनिवारी आहे. बाकी दिवशी साधेपणाने लागू शकते, पण आपल्याकडचे घरचे लोक ऐकत नाहीत. म्हणून ईस्टरनंतरच्या आठवड्यांत हॉल मिळत नाही. तारीख कळली की रजा लगेच टाका.

प्रश्न: टेंभी नाक्याच्या सिनेगॉगवरून मी रोज कॉलेजला जातो. येशूला ज्यूंनी मारले असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. मग त्याचे शेवटचे भोजन ज्यूंच्याच सणाचे कसे? (चरई, ठाणे)

कारण येशू ज्यू होता. त्याची आई, त्याचे बारा शिष्य, त्याच्यासाठी रडणाऱ्या बायका, सगळे ज्यू. वल्हांडणासाठी तो यरुशलेमला गेला तो इतर हजारो ज्यूंसारखाच. मिसर देशाच्या गुलामीतून सुटका झाली त्याची ती आठवण: दाराच्या चौकटीला कोकराचे रक्त, आणि पीठ फुगायला वेळ नव्हता म्हणून बेखमीर भाकर. मार्क, मत्तय आणि लूक यांच्या मते शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे जेवण होते. योहान वेगळे सांगतो. त्याच्या शुभवर्तमानात येशूला क्रुसावर दिले ते वल्हांडणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे त्या संध्याकाळचे जेवण व्हायच्या आधी. अभ्यासकांचा यावरचा वाद मिटलेला नाही, पण दोन्ही बाजूंनी सणाचे दिवस तेच. लॅटिन परंपरेत मिस्सात गव्हाची बेखमीर भाकर वापरतात, तिचे मूळ तिथेच आहे.

मारले कोणी? क्रुसावर देणे ही रोमन शिक्षा. ती फर्मावली रोमन सुभेदार पंतय पिलाताने, जो सुमारे इसवी सन 26 ते 36 यहुदियाचा कारभार पाहत होता. यरुशलेमच्या मंदिरातल्या काही वरिष्ठ याजकांना येशू नकोसा होता हे शुभवर्तमानांत स्पष्ट आहे. पण त्यावरून एका अख्ख्या लोकसमूहाला, तेही कायमचे, दोषी धरणे हा युरोपातला जुना गुन्हा आहे, आणि तो नेमका पवित्र सप्ताहात उफाळून यायचा. गुड फ्रायडेच्या प्रवचनानंतर ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाल्याच्या नोंदी मध्ययुगात आहेत. चर्चच्या गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतही ज्यूंसाठी एक अपमानकारक शब्द होता. तो 1959 मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी काढून टाकला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने 28 ऑक्टोबर 1965 च्या जाहीरनाम्यात सांगितले की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. तुम्ही लहानपणापासून ऐकलेले वाक्य चर्चने तेव्हाच नाकारले आहे. ते अजून आपल्या कानावर पडते याचा दोष आमच्यासारख्या बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांकडे जातो.

तुम्ही ज्या सिनेगॉगवरून जाता ते शार हाशामायिम, 1879 चे. तिथले बेने इस्राएल मराठी बोलणारे, कोकणातल्या गावांवरून 'कर' लावणारे. त्यांना इथे युरोपसारखा छळ सोसावा लागला नाही. मराठी बायबलमध्येही या सणाला वल्हांडण हेच नाव आहे. त्यांचा सण आणि चर्चमधला पवित्र सप्ताह बहुतेक वर्षी एकाच पौर्णिमेभोवती येतात, आणि मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च तिथून चालत जाण्याइतके जवळ आहे. एवढ्या छोट्या परिसरात दोन्ही जिवंत असलेली गावे महाराष्ट्रात फार नाहीत.

प्रश्न: ठाण्यात पोर्तुगीज येण्यापूर्वी चार परदेशी धर्मगुरू मारले गेले, तेही ईस्टरच्या तोंडावर, असे एका व्याख्यानात ऐकले. खरे आहे का? तेव्हा इथे ख्रिस्ती होते तरी कोण? (कोपरी)

खरे आहे. साल 1321. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन संन्याससंघाचे तिघे आणि त्यांच्यासोबत तिफ्लिसचा (आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीचा) देमेत्रियस. चीनच्या वाटेवर असताना जहाज ठाण्याला लागले आणि ते इथल्या ख्रिस्ती घरांत उतरले. ही घरे पूर्वेच्या, सुरियानी उपासनेच्या चर्चची होती. पोर्तुगीज यायला अजून दोनशे वर्षे होती, त्यामुळे 'ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजांनी बाटवलेले' हे समीकरण निदान ठाण्याच्या बाबतीत इतिहासाला धरून नाही.

प्रसंग सुरू झाला तो एका घरगुती भांडणातून. यजमानाने बायकोला मारले, ती काजीकडे गेली, साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावे निघाली. चौकशीत भांडण बाजूलाच राहिले आणि धर्माचा वाद पेटला. थॉमसने इस्लामच्या प्रेषितांबद्दल कडक शब्दांत उत्तर दिले. 9 एप्रिलला तिघांना ठार मारले. मागे सामान राखत थांबलेल्या पीटरला 11 तारखेला. त्या वर्षी ईस्टर 19 एप्रिलला होता, म्हणजे 9 एप्रिल हा झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा गुरुवार. त्यांचा सोबती, डोमिनिकन संन्याससंघाचा जोर्दानुस, त्या वेळी ठाण्याबाहेर होता म्हणून वाचला. त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले आणि युरोपला पत्रे लिहिली. आपल्याला जे कळते ते मुख्यतः त्याच्यामुळे. काही वर्षांत ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला. त्याच्या वृत्तान्तात असेही आहे की ज्या अधिकाऱ्याने हे घडवले त्याला पुढे दिल्लीच्या सुलतानाने मृत्युदंड दिला. हे वाचताना दोन्ही बाजूंनी झेंडे फडकावण्याचा मोह होतो. तो टाळावा. वाद घालायला आलेला आणि तलवार उपसणारा यांच्यातला फरक स्पष्ट ठेवूनही.

9 एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन. तो बहुतेक वर्षी उपवासकाळाच्या शेवटी किंवा ईस्टरच्या पहिल्या दिवसांत सापडतो, आणि त्या गर्दीत बहुतेक ठाणेकर ख्रिस्ती लोकांनाही तो आठवत नाही.

प्रश्न: मुलीच्या शाळेत ईस्टर म्हणून ससा आणि चॉकलेटची अंडी. याचा येशूशी काय संबंध? (वाशी)

सशाचा काही नाही. तो जर्मनीकडून अमेरिकेत गेला आणि तिथून दुकानांत आला. अंड्यांचा आहे: जुन्या काळी उपवासकाळात अंडी वर्ज्य होती, कोंबड्या मात्र थांबत नव्हत्या. चाळीस दिवस साठलेली अंडी ईस्टरला रंगवून वाटत. बंद कवचातून जीव बाहेर येतो, तशी रिकामी कबर, हा अर्थ त्याला चिकटला. आपल्याकडे ईस्टरला मार्झिपानची अंडी मिळतात. काजू किंवा बदामाची, घरी केलेली असतील तर चॉकलेट विसराल. ईस्ट इंडियन घरी बोलावणे आले तर फुग्या आणि बॉटल मसाल्याचे मटण सोडून अंड्यांच्या मागे लागू नका.

प्रश्न: आम्ही हिंदू आहोत. पवित्र सप्ताहात चर्चमध्ये जाऊन बसलो तर चालेल का? कोणता दिवस निवडावा? (कामोठे)

चालेल. कोणी विचारणार नाही. एकच पथ्य: ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक रांगेने पुढे जातात तेव्हा तुम्ही बाकावरच बसा. तो प्रसाद देवळातल्या प्रसादासारखा सगळ्यांसाठी नसतो, बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी केलेल्या भाविकांसाठी असतो. गुड फ्रायडेला क्रुसाचे चुंबन घेण्याची रांग मात्र सर्वांना खुली असते. ओठ लावायचे नसतील तर हात लावून नमस्कार करा.

एकच दिवस जमणार असेल तर मी शनिवार रात्र सुचवेन. चर्चचे दिवे बंद असतात. बाहेर अंगणात अग्नी पेटवतात, त्यावर ईस्टरची मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. मग वाचने, उत्पत्तीपासून, जुन्या करारातली सात पर्यंत. लांबते, लहान मुले झोपतात. त्यानंतर घंटा पुन्हा वाजतात.

गुरुवारी गेलात तर पाय धुण्याचा विधी पाहायला मिळेल. फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी फक्त पुरुष असत. जानेवारी 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बायकांनाही घेण्याची मुभा दिली. तो बदल लॅटिन परंपरेपुरता होता, म्हणून नवी मुंबईतल्या दोन कॅथलिक चर्चमध्ये दोन चित्रे दिसू शकतात.

शुक्रवारी एक गोष्ट कान देऊन ऐका. दहा मोठ्या प्रार्थना क्रमाने म्हटल्या जातात, त्यांतल्या काही: चर्चसाठी, पोपसाठी, ज्यू लोकांसाठी, मग ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी, देवच न मानणाऱ्यांसाठी, राज्यकर्त्यांसाठी, संकटात असलेल्यांसाठी. तुम्ही कुठेही मोडत असलात तरी यादीत आहात. वेळा चर्चच्या फलकावर लावलेल्या असतात, आणि मराठी, इंग्रजी, कोकणी उपासनांच्या वेळा वेगवेगळ्या असू शकतात, म्हणून आधी बघून ठेवा. ठाण्याला जात असाल तर जांभळी नाक्याकडे गाडी नेऊ नका. स्टेशनवरून चालत या.